यीस्टची वीज

ऐका रे पोरांनो! पाव फुगवायला बेकरीवाला पिठात जे यीस्ट घालतो ना, त्याच्यापासून वीज मिळते. हसताय काय? इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठात पॉटर नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. साखरेच्या पाण्यात यीस्ट सोडून, प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवून त्यांनी १९११ साली ती दाखवली. पण इतकी थोडी, की फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८०च्या दशकात लंडनच्या किंग्ज कॉलेजात पीटर बेनेटो यांनी यावर पुन्हा काम केलं, आणि ही विद्या शाळेच्या बाकावर आली.

आता खरी मजा. यीस्ट साखर मोडतं आणि तिच्यातले इलेक्ट्रॉन काढून घेतं. ते आपण मधल्या मध्ये पळवायचे! पण पेशीत तार घुसवणार कशी? म्हणून मिथिलीन ब्ल्यू नावाचा रंग घालायचा. त्याचे रेणू फलाटावरच्या हमालासारखे पेशीत शिरतात, इलेक्ट्रॉन उचलतात आणि बाहेर कार्बनच्या कापडावर आणून टाकतात. ओझं घेतलं की या हमालाचा रंगच उडतो! निळंशार पाणी डोळ्यांदेखत फिकं होतं. बाटली खळाखळा हलवली की हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन लाटतो, पाणी पुन्हा निळं. म्हणून घटाच्या दोन कप्प्यांपैकी यीस्टच्या कप्प्यात हवा शिरू द्यायची नाही.

कार्बनवरून इलेक्ट्रॉन तारेने निघतात आणि दुसऱ्या कप्प्यात पोटॅशियम फेरिसायनाइडच्या पिवळ्या द्रावणात पोचतात. दोन्ही कप्प्यांमधल्या पडद्यातून धनभारित कण पलीकडे जातात, नाहीतर कारभार ठप्प! मीटर लावला की अर्ध्या व्होल्टच्या आसपास काटा जातो.

“आजोबा, यीस्ट दमत नाही?”

दमत नाही रे, उपाशी पडतं. साखर संपली की काटा उतरतो, थोडं ग्लुकोज घातलं की पुन्हा चढतो. पलीकडचं फेरिसायनाइड संपलं, तर मात्र नुसती साखर घालून भागत नाही.

यावर घर उजळेल म्हणाल तर नाही बुवा. १९३१ साली अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी जिवाणूंचे असे पुष्कळ घट ओळीने जोडून ३५ व्होल्टपर्यंत मजल मारली, पण प्रवाह जेमतेम दोन मिलिअँपिअर.

करून पाहायचं असेल तर शाळेतच, बाईंसमोर करा. आणि फेरिसायनाइडमध्ये आम्ल पडू देऊ नका, विषारी वायू निघू शकतो.