जीपवाल्यांची अठ्ठेचाळीस वर्षे

महिंद्रा युनायटेड हा देशाची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा मुंबईचा एकमेव क्लब. १९६२ साली महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा संघ म्हणून तो सुरू झाला, २००० मध्ये त्याला महिंद्रा युनायटेड हे नाव मिळाले, २००५-०६ च्या हंगामात तो देशाचा विजेता ठरला आणि २००९-१० चा हंगाम संपताच बंद झाला. ओव्हल मैदान आणि मंत्रालय यांच्या शेजारचे, चर्चगेट स्थानकावरून पायी गाठता येणारे कूपरेज हे त्याचे घरचे मैदान. रणजी करंडकाच्या विजेतेपदांचा हिशेब मुंबईकराला तोंडपाठ असतो. महिंद्राच्या या विजेतेपदाची आठवण मात्र फार थोड्यांना आहे आणि ही उपेक्षा त्या संघाच्या वाट्याला यायला नको होती.

महिंद्रा कंपनी १९४५ सालची. स्वातंत्र्यानंतर विलीज जीपचे सुटे भाग आणून त्यांची जुळणी करण्याचे काम तिने माझगावात सुरू केले; पुढे मोठा कारखाना कांदिवलीत उभा राहिला. जीप हीच कंपनीची ओळख असल्याने क्रीडापानांवर तिच्या खेळाडूंना ‘जीपमेन’ हे नाव पडले आणि ते शेवटपर्यंत टिकले.

मोटारगाड्या बनवणाऱ्या कंपनीने फुटबॉलचा संघ का बाळगावा, हा प्रश्न त्या काळच्या मुंबईत कोणाला पडला नसता. इथला खेळच मुळी कंपन्यांच्या हजेरीपटावर चालत असे. क्रिकेटमध्ये टाइम्स शील्ड होती. कबड्डीत आजही दादर-प्रभादेवी-लालबागच्या स्पर्धांत स्थानिक मंडळांचा गट वेगळा आणि व्यावसायिक गट वेगळा असतो. त्या व्यावसायिक गटात महिंद्रा, एअर इंडिया, बेस्ट ही नावे वर्षानुवर्षे गाजली आहेत. फुटबॉलचीही तीच तऱ्हा. टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, बँका, खत कारखाना अशा सगळ्यांचे संघ होते. खेळाडूला नोकरी मिळे, सरावासाठी कामातून सवलत मिळे आणि गुडघा निकामी झाला तरी पगार चालू राही. खेळावर पोट भरण्याची दुसरी सोय नव्हती, त्यामुळे गोव्यातून, केरळातून, हैदराबादेतून चांगले खेळाडू या नोकऱ्यांसाठी मुंबईत येत.

या व्यवस्थेतून काय दर्जाचे खेळाडू घडले याचे एक उदाहरण पुरे आहे. आसगावात जन्मलेला आणि मुंबईत टाटा व कॅलटेक्सकडून खेळलेला नेव्हिल डिसोझा १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा मध्य आघाडीवीर होता. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले, त्यातले तीन गोल त्याचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. त्या उंचीवर भारतीय फुटबॉल पुन्हा पोहोचला नाही. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, कॅलटेक्सने रोव्हर्स चषकही जिंकला. वांद्र्याच्या एका मैदानाला आज नेव्हिलचे नाव आहे.

रोव्हर्स चषक ही मुंबईची सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा, १८९१ मध्ये सुरू झालेली. सुरुवातीची कित्येक वर्षे तिच्यावर गोऱ्या पलटणींचेच नाव कोरले जाई. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो चषक जिंकला आणि पलटणींची मक्तेदारी मोडली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद पोलिसांनी नेला. शहराची स्वतःची लीग, हारवूड लीग, १९०२ पासून भरू लागली, आणि १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या संस्थेच्या छत्राखाली हा सगळा कारभार आला. रोव्हर्ससाठी मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग हे कोलकात्याचे संघ मुंबईत येत तेव्हा कूपरेजला खरी गर्दी होई. महिंद्राचा संघ घडला तो या वातावरणात: आठवड्याच्या लीग सामन्यांत समोर शेजारच्या कंपनीचे ओळखीचे चेहरे आणि वर्षातून एकदा रोव्हर्सच्या निमित्ताने देशातले सर्वोत्तम संघ.

गिरण्यांचा या कथेतला वाटा मोठा आहे. प्रभादेवीची स्टँडर्ड मिल ज्या समूहाची होती त्या मफतलालचा संघ सत्तरच्या दशकात देशात दबदबा राखून होता; पुढे कोलकात्यात अफाट लोकप्रिय झालेला श्याम थापा काही हंगाम मफतलालकडून खेळला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसे कामाबाहेर पडली. परळ-लालबागची धुरांडी एकेक करून थंडावली, तसा गिरण्यांचा पैसा खेळातून आटत गेला. मोटार कारखाने, तेल कंपन्या आणि सरकारी उपक्रम यांचे संघ तेवढे टिकले. नव्वदच्या दशकात मुंबईच्या फुटबॉलची पत राखण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी महिंद्रा आणि एअर इंडिया या दोघांवर आली.

१९९६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय लीग सुरू केली आणि खेळाचा हिशेबच बदलला. पंधरा दिवसांच्या चषकस्पर्धेसाठी रजा देणे वेगळे आणि महिनोन्महिने देशभर फिरणारा, परदेशी खेळाडू बाळगणारा संघ पोसणे वेगळे. महिंद्राने हा बदल मनावर घेतला. १९९८ मध्ये संघाने दिल्लीत ड्युरँड चषक जिंकला. दोन वर्षांनी नाव बदलले. कंपनीच्या नावापुढे ‘युनायटेड’ लागले आणि हा कचेरीतल्या कर्मचाऱ्यांचा संघ नसून पूर्ण वेळचा व्यावसायिक क्लब आहे, असे त्यातून जाहीर झाले. २००१ मध्ये दुसऱ्यांदा ड्युरँड मिळाला, २००३ मध्ये फेडरेशन चषक.

त्यानंतर गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक झाले आणि क्लबचा सुवर्णकाळ आला. परेरा स्वतः साळगावकरकडून आणि भारताकडून खेळलेले बचावपटू. त्यांच्या संघाचा पायाही भक्कम बचावाचा होता. पुढे आक्रमणाला मोहन बागानमध्ये गाजलेला ब्राझीलचा जोस बारेटो आणि घानाचा युसिफ याकुबू होते. बाजूने धावणारा स्टीव्हन डायस मुंबईचा. २००५ मध्ये फेडरेशन चषक पुन्हा मिळाला आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीगही महिंद्राने जिंकली.

या यशाचे वजन समजायचे तर आधीच्या विजेत्यांची यादी पाहावी. त्याआधी लीगचे नऊ हंगाम झाले होते. त्यांतले सहा मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन क्लबांनी निम्मे निम्मे वाटून घेतले होते, दोन गोव्यात गेले होते, साळगावकर आणि डेंपोकडे, आणि पहिला पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटीकडे. ज्या शहरात फुटबॉलला रविवारच्या वृत्तपत्रात चार ओळी मिळण्याची मारामार, तिथल्या क्लबने या यादीत जागा मिळवली, आणि शेवटी ईस्ट बंगाल व मोहन बागान हे दोघेही महिंद्राच्या मागे राहिले. २००६ आणि २००८ मध्ये कोलकात्यातच भरणारी आयएफए शील्डही या संघाने नेली. २००७ मध्ये आशियाई महासंघाच्या एएफसी चषकात त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली. २००८ मध्ये तिसरा ड्युरँड चषक आला. अकरा हंगामांत एक राष्ट्रीय लीग, दोन फेडरेशन चषक, तीन ड्युरँड आणि दोन शील्ड: इतकी कमाई मुंबईच्या कोणत्याही फुटबॉल संघाच्या नावावर नव्हती.

उणीव होती ती प्रेक्षकांची. कूपरेजवर दुपारी सामने होत, तेव्हा आसपासच्या कचेऱ्यांत काम चालू असे. माझगाव, भायखळा, डोंगरी, माहीम, वांद्रे, कुलाबा या फुटबॉलवेड्या भागांतून दर्दी माणसे नेमाने येत. पण गिरगाव, दादर, परळ, लालबाग हा मराठी वस्तीचा पट्टा क्रिकेट आणि कबड्डीत रमलेला होता. परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर फुटबॉल होत असे, तरी पलीकडच्या चाळींतल्या पोरांना महिंद्राचा अकरा जणांचा संघ सांगता आला नसता. कंपनीचा संघ म्हटला की तो कंपनीचा, आपला नाही, ही भावना मुळातच होती. क्लबला ना स्वतःचे मैदान होते, ना सभासद.

२०१० मध्ये कंपनीने निर्णय जाहीर केला: व्यावसायिक संघ बंद होईल आणि तो पैसा शालेय स्तरावरच्या फुटबॉलवर, तरुणांसाठीच्या महिंद्रा युथ फुटबॉल चॅलेंजवर खर्च होईल. शाळकरी मुलांचा खेळ वाढावा हा हेतू चांगलाच होता. पण त्या मुलांनी मोठे होऊन ज्या संघाकडे पाहावे, तो संघच त्याच निर्णयाने नाहीसा झाला. मोर्चे निघाले नाहीत, वर्गणी गोळा झाली नाही. खेळाडूंनी दुसरे क्लब शोधले. परेरा पुण्याला गेले, पुणे एफसीकडे.

वेल्समधल्या न्यूपोर्ट काउंटीची हकीकत इथे शेजारी ठेवून पाहावी. १९१२ मध्ये स्थापन झालेला हा क्लब गोदी आणि पोलाद कारखान्यांच्या शहरातला. १९८८ मध्ये तो इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधून बाहेर फेकला गेला आणि १९८९ च्या फेब्रुवारीत कर्जापायी दिवाळखोरीत निघून बंद पडला. काही महिन्यांतच समर्थकांनी तो नव्याने उभारला. आपल्या शहरात मैदान मिळेना म्हणून घरचे सामने सीमेपलीकडे इंग्लंडमध्ये जाऊन खेळले, खालच्या पायरीपासून एकेक पायरी चढत गेले, आणि २०१३ मध्ये क्लब पुन्हा फुटबॉल लीगमध्ये आला. वेल्सचा सर्वांत जुना क्लब रेक्सहॅम १८६४ चा. तो तिथल्या क्रिकेट क्लबच्या सभासदांनी हिवाळ्यात खेळायला काहीतरी हवे म्हणून काढला. पैशाअभावी तो बुडायला आला तेव्हा २०११ मध्ये समर्थकांच्या न्यासाने ताब्यात घेतला आणि दहा वर्षे चालवला. हे क्लब गावकऱ्यांनी काढले होते, म्हणून ते मोडू लागल्यावर गावकऱ्यांना अडवता किंवा पुन्हा उभारता आले. महिंद्राच्या बाबतीत अडवण्याचा अधिकार असलेला कोणी नव्हता.

महिंद्रापाठोपाठ भारतातले असे अनेक संघ गेले. राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता जेसीटी, तोही एका कापड गिरणीचाच, २०११ मध्ये बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी या मुंबईच्या दोन संघांना २०१३ मध्ये क्लब परवान्याचे निकष पुरे न केल्याबद्दल आय-लीगमधून, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या स्पर्धेतून, वगळण्यात आले. परळच्या मोरारजी मिलचे मालक असलेल्या अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये काढलेला पुणे एफसीही दशकभर टिकला नाही.

त्याच २००७ साली एस्सेल समूहाने मुंबई एफसी काढला. कोणत्याही कारखान्याचे नाव न लावता शहराचे नाव लावणारा हा क्लब होता, आणि त्याने पिवळ्या रंगात, ढोल घेऊन येणारे खरे पाठीराखे जमवले. महिंद्राचे माजी प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांनी त्याला पहिल्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये नेले. पण काही हंगामांतच कूपरेज नूतनीकरणासाठी बंद झाले आणि मुंबईच्या क्लबला आपले घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. जमत आलेले पाठीराखे पांगण्याला याहून मोठे कारण शोधायला नको. कूपरेज कृत्रिम हिरवळ घालून परत मिळाले तोवर इंडियन सुपर लीग या नव्या स्पर्धेची चाहूल लागली होती. मुंबई एफसी कमी पैशांत, दर हंगामात खालून वर धडपडत टिकला आणि २०१६-१७ मध्ये तळाला जाऊन बंद झाला.

सुपर लीगसाठी २०१४ मध्ये स्थापन झालेला मुंबई सिटी एफसी हा आजचा शहराचा क्लब. अभिनेता रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे त्याचे पहिले मालक. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, सिटी फुटबॉल ग्रुपने, त्यात ६५ टक्के वाटा घेतला. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर बिपिन सिंगने अखेरच्या मिनिटाला गोल केला, एटीके मोहन बागान २-१ ने हरला आणि पंधरा वर्षांनी देशातली सर्वोच्च लीग पुन्हा मुंबईच्या क्लबकडे आली. साखळी आणि चषक ही दोन्ही विजेतेपदे त्याच हंगामात मिळाली. २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानलाच ३-१ असे हरवून दुसरा चषक आला. २०२२ च्या एप्रिलमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबवर मात करून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. त्याचे घर आता अंधेरीत आहे. कूपरेजवर मुंबई जिल्ह्याच्या लीगचे सामने होतात.

महिंद्राचा वारसा त्याच्या माणसांतून पुढे गेला. त्यांपैकी खालिद जमील सर्वांत ठळक. हा मध्यरक्षक महिंद्राकडून आणि एअर इंडियाकडून खेळला, दुखापतींमुळे लवकर थांबला आणि २००९ पासून सात वर्षे मुंबई एफसीचा प्रशिक्षक राहिला. तुटपुंज्या साधनांत संघ तगवण्याचे शिक्षण त्याला तिथेच मिळाले. २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या आयझॉल एफसी या छोट्या क्लबला त्याने आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले.