गैरहजर पंतप्रधानांची निवडणूक

ईस्टरची सुट्टी संपल्या संपल्या, १८ एप्रिल २०१७ रोजी, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी १० डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभं राहून मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. मतदान ८ जूनला. २०२० पर्यंत निवडणूक होणार नाही असं त्याच आधी सांगत होत्या. पण ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, वाटाघाटी तोंडावर आल्या होत्या, हाताशी असलेलं बहुमत तुटपुंजं होतं आणि जनमत चाचण्यांत त्यांचा हुजूर पक्ष मजूर पक्षाच्या सुमारे वीस टक्क्यांनी पुढे होता. दुसऱ्या दिवशी संसदेने ५२२ विरुद्ध १३ मतांनी निवडणुकीला मंजुरी दिली. टीव्हीवरच्या वादचर्चेत पंतप्रधान भाग घेणार नाहीत, हेही तोवर स्पष्ट झालं होतं.

पहिल्या घोषणेचा अर्थ होता, ‘मला कौल द्या.’ दुसरीचा अर्थ, ‘मला प्रश्न विचारू नका.’ पुढचे सात आठवडे हुजूर पक्षाचा प्रचार या दोन वाक्यांच्या कात्रीत सापडला, आणि त्यातून सुटका झालीच नाही.

नकारात नवीन काही नव्हतं. जो पुढे असतो तो वादचर्चा टाळतो आणि जो मागे असतो तो आव्हान देतो, हा ब्रिटिश राजकारणातला जुना शिरस्ता. १९६४ मध्ये पंतप्रधान अलेक डग्लस-होम यांनी हॅरल्ड विल्सन यांच्याशी टीव्हीवर सामना करायचं टाळलं. १९७९ मध्ये तर पंतप्रधान जेम्स कॅलहन तयार होते. नाही म्हणाल्या त्या आघाडीवर असलेल्या विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर. १९९७ मध्ये पिछाडीवरचे जॉन मेजर चर्चेला उत्सुक होते. टोनी ब्लेअर यांच्या पक्षाशी बोलणी फिसकटल्यावर हुजूर पक्षाने ब्लेअर यांच्या मागे कोंबडीच्या वेशातला माणूस धाडला. घाबरटाला इंग्रजीत कोंबडी म्हणतात, त्याचं हे चालतंबोलतं रूप.

नेत्यांची पहिली टीव्ही वादचर्चा झाली थेट २०१० मध्ये. गॉर्डन ब्राउन, डेव्हिड कॅमेरॉन आणि निक क्लेग तीनदा आमनेसामने आले. फायदा झाला तो तिसऱ्या पक्षाच्या क्लेग यांचा. कॅमेरॉन यांचं बहुमत हुकलं. हा धडा हुजूर पक्षाच्या रणनीतीकारांनी पक्का लक्षात ठेवला. २०१५ मध्ये कॅमेरॉन यांनी आढेवेढे घेत सात नेत्यांच्या एकाच गर्दीच्या चर्चेला होकार दिला आणि ते बहुमताने निवडून आले. तेव्हा २०१७ मध्ये वीस टक्क्यांची आघाडी असताना स्वतःहून जोखीम कशाला घ्या, हे गणित कागदावर बिनचूक होतं. मे यांचा युक्तिवादही अगदीच पोकळ नव्हता: दर बुधवारी संसदेत विरोधी पक्षनेत्याच्या प्रश्नांना मी उत्तरं देतेच, प्रचारात मला लोकांच्या दारी जायचं आहे.

गणित बरोबर होतं, पण ते चुकीच्या निवडणुकीला लावलं गेलं. ही निवडणूक हुजूर पक्षाने थेरेसा मे या एका नावावर उभी केली होती. प्रचाराच्या बसवर त्यांचं नाव ठळक आणि पक्षाचं नाव बारीक. उमेदवार मतं मागत ते ‘थेरेसा मे यांच्या चमू’साठी. भाषण कुठलंही असो, ‘खंबीर आणि स्थिर नेतृत्व’ हे शब्द त्यात येणारच. समोर मजूर पक्षाचे जेरेमी कॉर्बिन. त्यांच्याच पक्षाच्या बहुतेक खासदारांनी वर्षभरापूर्वी त्यांच्यावर अविश्वास दाखवला होता. मे की कॉर्बिन, एवढाच प्रश्न मतदारापुढे ठेवायचा, असा बेत. मग मतदाराने ‘दोघांना शेजारी शेजारी उभं करा, आम्ही बघतो’ म्हटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं?

शिवाय मे यांची परीक्षा त्याआधी झालीच नव्हती. जून २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर कॅमेरॉन पायउतार झाले आणि नेतेपदाची शर्यत सुरू झाली. मायकेल गोव यांनी साथ सोडल्यावर बोरिस जॉन्सन मैदानातून हटले, मग गोव स्वतः बाद झाले आणि अखेरच्या प्रतिस्पर्धी अँड्रिया लेडसम यांनीही माघार घेतली. पक्षसदस्यांच्या मतदानापर्यंत प्रकरण गेलंच नाही. सुंठीवाचून खोकला गेला आणि १३ जुलै २०१६ रोजी मे पंतप्रधान झाल्या. गृहमंत्री म्हणून सहा वर्षांचा अनुभव पाठीशी होता. विषयाचा अभ्यास, कागदपत्रांवर पकड, मोजकं बोलणं हे त्यांचे गुण. देशभर फिरून अनोळखी माणसांच्या तिरकस प्रश्नांना हजरजबाबी उत्तरं देण्याची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती थेट पंतप्रधानपदावरून, ऐन निवडणुकीत आली.

सुरुवातीचे आठवडे ही उणीव झाकली गेली. सभा व्हायच्या त्या कारखान्यांत आणि लहान सभागृहांत. मागे फलक धरलेले कार्यकर्ते, समोर कॅमेरे. २ मे रोजी कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनच्या एका कारखान्यात पंतप्रधान आल्या, तेव्हा स्थानिक वार्ताहरांना एका खोलीत बसवून ठेवलं गेलं आणि चित्रीकरणाला मज्जाव झाला. त्यांनी ती हकीकत तशीच्या तशी वाचकांना कळवली. दारोदार जाण्यासाठी टीव्ही नाकारणाऱ्या नेत्याच्या दौऱ्यात दारं आतून बंद असावीत, ही विसंगती तिथे पहिल्यांदा उघड दिसली. पण ४ मेच्या स्थानिक निवडणुकांत हुजूर पक्षाचे पाचशेहून अधिक नगरसेवक वाढले, तेव्हा सल्लागारांना आपलंच खरं वाटलं.

१८ मे रोजी हॅलिफॅक्स इथे मे यांनी पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात वृद्धांच्या देखभालीच्या खर्चाची नवी योजना होती. घरी राहून सेवा घेणाऱ्यांच्या मालमत्तेत आता त्यांच्या राहत्या घराची किंमतही धरली जाणार होती. खर्च मृत्यूनंतर घर विकून वसूल व्हायचा. वारसांसाठी एक लाख पौंड सुरक्षित राहतील, पण एकूण खर्चाला कमाल मर्यादा नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची देखभाल वर्षानुवर्षं चालते, म्हणजे फटका त्यालाच सर्वाधिक. विरोधकांनी त्याला ‘डिमेन्शिया टॅक्स’ म्हटलं आणि ते नाव एका दिवसात देशभर झालं. घर हा ब्रिटिश मध्यमवर्गाचा जिव्हाळ्याचा विषय, आणि वयस्क घरमालक हा हुजूर पक्षाचा हक्काचा मतदार. पक्षाने आपल्याच मतदाराच्या घराला हात घातला होता.

त्याच संध्याकाळी आयटीव्ही वाहिनीवर सॅल्फर्डहून नेत्यांची चर्चा झाली. मे नव्हत्या. त्या नाहीत म्हणून कॉर्बिनही आले नाहीत, हेही सांगायला हवं. निकोला स्टर्जन, टिम फॅरन, कॅरोलिन लुकस, लीॲन वूड आणि पॉल नटॉल हे इतर पक्षांचे पाच नेते बोलले. सकाळच्या जाहीरनाम्यावर टीका झाली की उत्तर द्यायला सरकार पक्षाचं कुणीच नव्हतं.

चार दिवसांत घूमजाव झालं. २२ मे रोजी वेल्समध्ये रेक्सम भागातल्या सभेत मे यांनी खर्चावर मर्यादा घालण्याचं जाहीर केलं. एवढं करून त्या थांबल्या असत्या, तर ‘लोकांचं ऐकलं’ म्हणून बाजू सावरता आली असती. पण पत्रकारांनी एकामागून एक विचारलं, की हा बदल नाही तर काय? त्यावर मे यांचा आवाज चढला, दोन्ही हात फाकले आणि त्या म्हणाल्या, ‘काहीही बदललेलं नाही, काहीही बदललेलं नाही.’ बदल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता. बोचऱ्या प्रश्नापुढे पंतप्रधान कशा दिसतात हे देशाने त्या दिवशी पाहिलं, आणि वादचर्चा का टाळली असावी याचा अंदाजही त्याच वेळी बांधला.

त्याच रात्री मँचेस्टरमध्ये गाण्याच्या कार्यक्रमावर दहशतवादी हल्ला झाला. बावीस माणसं गेली, त्यांत मुलं होती. प्रचार काही दिवस थांबला. मे या काळात पंतप्रधान म्हणून बोलल्या आणि नीट बोलल्या. लिहून आणलेलं गंभीर निवेदन हा त्यांचा हातखंडा. प्रचार पुन्हा सुरू झाला तो २०१० नंतर पोलिसांची संख्या सुमारे वीस हजारांनी घटल्याच्या मुद्द्यावर, आणि त्यातली बहुतेक वर्षं गृहमंत्री होत्या मे. ३ जूनच्या लंडन ब्रिज हल्ल्यानंतर तो मुद्दा आणखी धारदार झाला.

सगळ्यात महाग पडली ती ३१ मेची संध्याकाळ. बीबीसीची वादचर्चा केंब्रिज विद्यापीठाच्या सिनेट हाउसमध्ये होती. सूत्रसंचालक मिशाल हुसेन. कॉर्बिन यांनी त्याच दिवशी दुपारी जाहीर केलं, की मी येतोय. आता मे आल्या तर कॉर्बिन यांच्या दबावाने आल्या असं झालं असतं, आणि आल्या नाहीत तर घाबरल्या असं. कॉर्बिन टीव्हीवर किती वेळा दिसायचं याचीच काळजी करताहेत, त्यांनी ब्रेक्झिटच्या वाटाघाटींचा विचार करावा, असा टोला मे यांनी हाणला आणि आपल्या जागी गृहमंत्री अँबर रड यांना पाठवलं. रड यांचे वडील दोनच दिवसांपूर्वी वारले होते. तरीही त्या आल्या, सहा विरोधकांपुढे ठामपणे उभ्या राहिल्या, पण बचाव करायचा होता तो समोर नसलेल्या माणसाचा. सरकारची कामगिरी पाहून आम्हाला जोखा, असं त्या म्हणाल्या तेव्हा सभागृहात हशा उठला. ग्रीन पक्षाच्या लुकस म्हणाल्या, की नेतृत्वाचा पहिला नियम म्हणजे हजर राहणं. फॅरन यांनी तर प्रेक्षकांना खिडकीबाहेर डोकवायला सांगितलं: देखभालीच्या खर्चासाठी थेरेसा मे तुमच्या घराची मापं घेत असतील. डिमेन्शिया टॅक्स आणि गैरहजेरी हे दोन आरोप एका वाक्यात जुळले. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं होतं.

मे टीव्हीपासून पूर्णपणे दूर राहिल्या, असं मात्र म्हणता येत नाही. २९ मे रोजी मुलाखतकार जेरेमी पॅक्समन यांनी दोन्ही नेत्यांना वेगवेगळं गाठून उलटतपासणी घेतली. २ जूनला यॉर्कमध्ये बीबीसीच्या ‘क्वेश्चन टाइम’मध्ये दोघे एकामागून एक प्रेक्षकांसमोर आले. तिथे एका परिचारिकेने पगार वर्षानुवर्षं वाढत नसल्याचं सांगितलं, त्यावर ‘पैशाचं जादुई झाड नसतं’ हे उत्तर मिळालं. अर्थशास्त्र म्हणून बरोबर, माणसाला दिलेलं उत्तर म्हणून कोरडं. म्हणजे मे यांनी कठीण प्रश्न घेतले, पण प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी उभं राहून नाही. कॉर्बिन यांना मात्र दर आठवड्याला थोडा जास्त आत्मविश्वास येत गेला. एरवी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतूनच भेटणारा माणूस निवडणुकीच्या काळात थेट दिसू-ऐकू लागला. आणि विद्यापीठाचं शुल्क माफ करू, रेल्वे सरकारी करू ही आश्वासनं लोकांना आवडली.

८ जूनच्या रात्री दहा वाजता मतदानोत्तर चाचणीचा आकडा झळकला, हुजूर पक्ष ३१४ जागा. प्रत्यक्षात ३१७ आल्या. ६५० च्या सभागृहात बहुमत नाही, आधीच्या ३३० हून तेरा कमी. मजूर पक्ष २३२ वरून २६२ वर गेला आणि लंडनमधली श्रीमंतांची केन्सिंग्टनची जागाही त्याने वीस मतांनी घेतली. मे यांच्या जागी केंब्रिजच्या चर्चेत उतरलेल्या अँबर रड आपल्या मतदारसंघात जेमतेम ३४६ मतांनी तरल्या. हात दाखवून अवलक्षण, याहून नेमकं वर्णन नाही. पंतप्रधानांचे दोन्ही प्रमुख सल्लागार, निक टिमथी आणि फिओना हिल, दुसऱ्या दिवशी पायउतार झाले.

गैरहजेरीनेच बहुमत गेलं, असं म्हणणं सोपं असलं तरी खरं नाही. हुजूर पक्षाची मतं घटली नाहीत, वाढली: ४२.४ टक्के, थॅचर यांच्या १९८३ च्या विजयाइतकी. पण मजूर पक्ष ३०.४ वरून ४० टक्क्यांवर पोचला. जाहीरनाम्याची चूक, सरकारी काटकसरीला कंटाळलेली जनता, मजूर पक्षाकडे ओढले गेलेले तरुण, अशी कारणांची यादी मोठी आहे. आणि टाळाटाळ केली की हार होतेच, असंही नाही. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी हवामानबदलावरची चॅनल फोरची चर्चा टाळली. वाहिनीने त्यांच्या जागी बर्फाचा पृथ्वीगोल ठेवला. मुलाखतकार अँड्र्यू नील यांनाही त्यांनी मुलाखत दिली नाही. तरी ऐंशीच्या बहुमताने ते जिंकले.

फरक इथे आहे. जॉन्सन यांनी कॉर्बिन यांच्याशी दोनदा समोरासमोर चर्चा केली होती, आणि त्यांनी मतं मागितली ती ‘ब्रेक्झिट उरकू’ या एका कामासाठी. थॅचर यांनी १९७९ मध्ये नकार दिला, पण त्यांच्या निवडणुकीचा विषय महागाई, संप आणि मजूर सरकारचा कारभार हा होता. काम विकायला काढलं, तर विक्रेता मागे राहिला तरी खपतं. मे यांनी स्वतःचं नेतृत्वच विकायला काढलं होतं, आणि ग्राहक ते हाताळून बघायला आला तेव्हा दुकानाबाहेर दुसऱ्या कुणाला तरी बसवलं.

पुढची किंमत मोठी होती. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाचे दहा खासदार जोडीला घ्यावे लागले. त्यासाठी त्या प्रांताला एक अब्ज पौंडांचा जादा निधी द्यावा लागला. ब्रेक्झिट वाटाघाटींत हात मजबूत व्हावेत म्हणून घेतलेल्या निवडणुकीने हात बांधले. जानेवारी २०१९ मध्ये मे यांचा ब्रेक्झिट करार संसदेत २३० मतांनी फेटाळला गेला आणि जुलैत त्या पायउतार झाल्या. जाताना दिलेल्या मुलाखतीत मे यांनी कबूल केलं, की कॅमेरॉन यांच्या प्रचारातला जीव या चर्चांनी शोषून घेतलेला पाहिला होता म्हणून नको म्हटलं, पण त्या चर्चा करायला हव्या होत्या.

त्या कबुलीत एक गोष्ट सुटून गेली. वादचर्चेत मे हरल्या असत्या की जिंकल्या असत्या, हे सांगता येत नाही. कदाचित रेक्समसारखी एखादी संध्याकाळ अधिक घडली असती. पण तोच प्रकार एप्रिलच्या अखेरीस घडला असता, तर सावरायला सहा आठवडे मिळाले असते आणि आपल्या नेत्याला काय झेपतं, काय नाही हे पक्षालाही वेळेत कळलं असतं. नेत्याला झाकून ठेवल्याने त्याचं दुबळेपण संपत नाही. ते फक्त मतदानाच्या जवळ ढकललं जातं.