कुस्तीच्या दंगलींतील नियम व सुरक्षितता (खानदेश)

कुस्तीची दंगल म्हणजे यात्रा, जत्रा किंवा उत्सवाच्या निमित्ताने मातीच्या आखाड्यात भरविल्या जाणाऱ्या जाहीर कुस्त्या होत. खानदेशात, म्हणजे मुख्यतः जळगाव व धुळे जिल्ह्यांत, ही परंपरा दीर्घकाळ चालत आली आहे. कुस्ती हा पूर्ण शरीरसंपर्काचा द्वंद्वखेळ असून त्यात मल्लाच्या अंगावर कोणतेही संरक्षक कवच नसते. त्यामुळे नियम, पंचांची दक्षता, आखाड्याची मशागत आणि वस्तादांनी लावलेली शिस्त हीच मल्लाची खरी ढाल ठरते.

== खानदेशातील कुस्ती ==

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ मध्ये झाली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाच्या कुस्त्या सुरू झाल्या. या स्पर्धेचे दुसरेच अधिवेशन १९६२ मध्ये धुळे येथे भरले. त्यात भगवान मोरे विजयी झाले. १९६६ मध्ये जळगाव येथे दीनानाथसिंह यांनी हा किताब पटकावला. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी होण्याचा मान मिळविला. त्यांच्यापूर्वी असा पराक्रम केवळ नरसिंग यादव यांनी केला होता. अलीकडच्या काळात जामनेर येथे २०२४ व २०२५ मध्ये मोठ्या दंगली भरल्या.

== निकालाच्या दोन पद्धती ==

पारंपरिक दंगलीत गुण मोजले जात नाहीत. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावून त्याला चीतपट करणे, हाच विजय. वेळेची मर्यादा संयोजक ठरवितात; निकाल न लागल्यास कुस्ती बरोबरीत सोडविली जाते. पंच व वस्ताद यांच्या संमतीने जोड लावली जाते आणि इनामाची रक्कम आधी जाहीर होते.

गादीवरील आंतरराष्ट्रीय पद्धतीत मात्र तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात व त्यांच्यामध्ये ३० सेकंदांची विश्रांती मिळते. ताबा मिळविणे, फेकणे, पाठ धोक्यात आणणे, क्षेत्राबाहेर ढकलणे यांना वेगवेगळे गुण मिळतात. मुक्त शैलीत १० गुणांची आघाडी झाल्यास तांत्रिक श्रेष्ठतेवर कुस्ती संपते. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकवून क्षणभर दाबून धरल्यास गुणसंख्या काहीही असली तरी चीतपट विजय होतो.

एक फरक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मातीत प्रतिस्पर्ध्याचा लंगोट किंवा जांघिया धरून डाव टाकता येतो. गादीवर पोशाख धरणे हा नियमभंग आहे. मातीत घडलेल्या मल्लाला गादीवर जाताना हाताची सवय बदलावी लागते.

== निषिद्ध कृती ==

ठोसा, लाथ, चावा, चिमटा, केस किंवा कान ओढणे, बोटे मुरगळणे, डोळ्यांत बोटे घालणे आणि जननेंद्रियाला इजा करणे या गोष्टी दोन्ही पद्धतींत निषिद्ध आहेत. त्याशिवाय आंतरराष्ट्रीय नियमांनी पुढील पकडी वर्ज्य ठरविल्या आहेत :

* गळा आवळून श्वास कोंडणारी पकड
* हात ९० अंशांपेक्षा अधिक पिरगळणे
* प्रतिस्पर्ध्याचा हात सोबत न घेता केवळ डोके किंवा मान दोन्ही हातांनी जखडणे
* डोके, मान किंवा धड यांना पायांची कात्री घालणे
* पुलाच्या स्थितीतील, म्हणजे डोके व पाय टेकवून कमान केलेल्या मल्लाला उचलून पुन्हा खाली आपटणे

या यादीतील बहुतेक नियमांचा रोख मान, पाठीचा कणा व सांधे यांच्या रक्षणाकडे आहे. स्नायूंची इजा कालांतराने भरून येते. मानेतील मज्जारज्जूला झालेली इजा मात्र आयुष्यभराचे अपंगत्व किंवा मृत्यू ओढवू शकते. म्हणून धोकादायक पकड दिसताच, गुण कोणाला मिळणार याचा विचार न करता, पंचाने कुस्ती थांबविणे अपेक्षित असते.

== आखाडा व गादी ==

आखाड्यातील तांबडी माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर इत्यादी पदार्थ मिसळण्याची रीत आहे. माती रोज खणून भुसभुशीत ठेवली जाते. ही मशागत केवळ परंपरा म्हणून केली जात नाही. मऊ माती पडण्याचा आघात शोषून घेते. दंगलीसाठी ऐन वेळी तयार केलेल्या मैदानात खडे, काचा किंवा पाणी मारून घट्ट झालेला थर राहिल्यास तोच आखाडा घातक ठरतो. प्रेक्षक कडेपर्यंत दाटीने बसले तर बाहेर फेकला गेलेला मल्ल व प्रेक्षक दोघेही जखमी होण्याचा संभव असतो. गादीवर ९ मीटर व्यासाचे कुस्तीक्षेत्र आणि त्याभोवती दीड मीटर रुंदीचा संरक्षक पट्टा असतो. मातीच्या आखाड्याभोवतीही अशी मोकळी जागा राखणे हितावह ठरते.

मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून मल्लांनी प्रतिबंधक लस वेळेवर घेणे आवश्यक असते. गजकर्णासारखे त्वचारोग अंगस्पर्शाने एका मल्लाकडून दुसऱ्याकडे सहज पसरतात. याच कारणास्तव अधिकृत स्पर्धांत वजनापूर्वी वैद्यकीय तपासणी होते. नखे कापलेली असणेही सक्तीचे असते.

== वजन व जोड ==

अधिकृत स्पर्धांत वजनगट ठरलेले असतात. गावच्या दंगलीत मात्र जोड बहुधा नजरेच्या अंदाजाने लागते. इनामाच्या मोहाने विषम जोड लावणे हे दुखापतींचे एक मोठे कारण आहे. कोवळ्या वयाच्या मल्लाला प्रौढ मल्लासमोर उभे न करणे ही वस्तादाची जबाबदारी मानली जाते.

गटात बसण्यासाठी पाणी तोडून, घाम गाळून वजन उतरविणे हाही गंभीर धोका आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशा प्रयत्नांत मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर तेथील नियम कडक करण्यात आले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट यांचे वजन ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम अधिक भरले व अंतिम फेरीपूर्वीच त्या अपात्र ठरल्या. खानदेशात यात्रांचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा हवेत आधीच पाणी कमी झालेल्या शरीराला उष्माघाताचा धोका अधिक असतो. त्यामुळे कुस्त्या सायंकाळी ठेवणे श्रेयस्कर ठरते.

== सामान्य दुखापती व प्रथमोपचार ==

खांदा निखळणे, गुडघ्याचे अस्थिबंध तुटणे आणि बोटे मुरगळणे या नेहमीच्या दुखापती होत. वारंवार घर्षण झाल्याने कानाच्या कूर्चेजवळ रक्त साठते. ते वेळीच काढले नाही तर कान कायमचा आक्रसून जाड होतो. असा कान मल्लाचे भूषण मानला जात असला, तरी ती टाळता येण्याजोगी इजा आहे.

मल्ल डोक्यावर पडून मान दुखू लागल्यास किंवा हातापायांना मुंग्या आल्यास त्याला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये आणि मानेची मालिश तर मुळीच करू नये. डोके व मान आहे त्या स्थितीत स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तथापि आडगावाहून तेथे पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून आखाड्याजवळ डॉक्टर व वाहन सज्ज असणे महत्त्वाचे असते. अधिकृत स्पर्धेत मल्लास पुढे खेळू न देण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्यास असतो.

== पंच व वाद ==

गादीवर मध्यस्थ पंच, बाजूचा पंच आणि प्रमुख असे तिघे निर्णय देतात. दंगलीत बहुधा एकाच पंचाचा शब्द अंतिम असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे चीत झाले की नाही, यावरून वाद उद्भवला. पंचाशी झालेल्या गैरवर्तनाबद्दल राक्षे यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचावर हात उचलला जाऊ लागला तर धोकादायक कुस्ती वेळेवर थांबविण्यास तो कचरतो. म्हणजे पंचाची सुरक्षितता हा मल्लाच्याच सुरक्षिततेचा भाग आहे.

== चिलखती लढतींशी तुलना ==

युरोपात मध्ययुगीन धर्तीचे पोलादी चिलखत घालून बोथट शस्त्रांनी प्रत्यक्ष लढण्याच्या स्पर्धा होतात. त्यांपैकी ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ ही स्पर्धा २०१० मध्ये युक्रेनमधील खोतिन येथे सुरू झाली. तेथेही भोसकणे तसेच मानेची मागील बाजू, गुडघ्याची खोबण, पाऊल व जांघ यांवर वार करणे वर्ज्य आहे. सांघिक लढतीत दोन पायांखेरीज शरीराचा तिसरा भाग जमिनीला टेकला की योद्धा बाद होतो. शस्त्र व वेश भिन्न असले, तरी पडलेल्यावर पुढचा आघात होऊ नये आणि मान व सांधे सुरक्षित राहावेत, हे तत्त्व आखाड्याप्रमाणेच तेथेही दिसते.