वहीत रक्कम नको, जिन्नस लिहा

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर पडतं : आता हिशेबाची वही कशाला, सगळं मोबाइलमध्ये आहेच की! मला ते मुळीच पटत नाही. मोबाइलमध्ये रक्कम असते, वेळ असते आणि पैसे घेणाऱ्याचं नाव असतं. टपरीवाल्याचं खातं त्याच्या स्वतःच्या नावावर, भाजीवाल्या मावशींचा क्यूआर मुलाच्या नावावर. महिनाअखेरीस ती यादी वाचून चहा कुठला नि कोथिंबीर कुठली, हे कुणाला सांगता येईल? सुपरमार्केटच्या बाराशे रुपयांत तांदूळ किती नि वेफर्स किती, तेही कळत नाही.

सवय कळायची तर जिन्नस कळायला हवा. १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी म्हणूनच घरोघरी नुसते रुपये विचारत नाही. किती किलो, किती लिटर, तेही विचारते. २०२३-२४ च्या पाहणीत शहरी माणशी मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये निघाला. त्यातला सुमारे ११ टक्के पेयं, बाहेरचं खाणं आणि पाकीटबंद पदार्थांवर. धान्यावर चार टक्क्यांहूनही कमी. घरातला तांदूळ महाग झाला म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

पण या पाहणीचा सगळ्यात मोलाचा धडा वेगळाच आहे. १९९४ ते १९९८ या काळात काही घरांना गेल्या तीस दिवसांचा खाण्याचा खर्च विचारला आणि काहींना गेल्या सात दिवसांचा. सात दिवसवाल्यांचा खर्च जवळपास ३० टक्क्यांनी जास्त भरला. तो धरला तर देशातले गरीब कागदावर जवळजवळ निम्मे होत होते! १९९९-२००० मध्ये एकाच घराला दोन्ही प्रश्न विचारले गेले आणि आकड्यांवरून अर्थतज्ज्ञांत मोठा वाद पेटला. पुढे नोबेल मिळालेले अँगस डीटन त्यात आघाडीवर होते. माणसं खोटं बोलत नव्हती. प्रश्नाची मुदत बदलली की आठवण बदलते, एवढंच.

आता पाहणीत भाजी, फळं, अंडी, मासळी, बाहेरचं खाणं सात दिवसांचं विचारतात. धान्य-डाळी तीस दिवसांच्या. कपडे, शाळेची फी वर्षाची. घरच्या वहीलाही हीच विभागणी लावावी, असं मला ठामपणे वाटतं. वडापाव, चहा, रिक्षा त्याच रात्री, आणि ‘किरकोळ’ हा रकाना अजिबात नको, कारण सवयी नेमक्या तिथेच दडतात. वाणसामान महिन्यातून एकदा, वजनासकट. विम्याचा हप्ता, दिवाळीचे कपडे, गणपतीचा खर्च, लग्नसराईतले आहेर हे सगळं वर्षाच्या वेगळ्या पानावर. नाहीतर मे महिना उगाच उधळ्या ठरतो.