क्रॉल, प्रौढ नवशिक्यांचे

पालथ्या स्थितीत हात आळीपाळीने पाण्यावरून पुढे टाकीत व पाय वरखाली हलवीत पोहण्याचा हा प्रकार सर्वांत वेगवान होय. प्रौढ नवशिका हातांकडे लक्ष देतो. अडचण मात्र श्वासात असते. तोंड पाण्यात असताना तो श्वास रोखतो आणि वर येताच उच्छ्‌वास व श्वास एकदमच उरकू पाहतो. परिणामी २५ मीटरांच्या आतच धाप लागते व दोष वयाला दिला जातो. वस्तुतः पाण्यात हवा सतत सोडत राहिली पाहिजे. हा सराव प्रथम छातीइतक्या पाण्यात काठ धरून करावा.

श्वासासाठी डोके उचलल्यास कंबर व पाय बुडतात आणि पाण्याचा रोध वाढतो. विहिरीत पाठीला डबा बांधून, मान वर ठेवून शिकलेल्यांची ही सवय सहसा सुटत नाही. त्याऐवजी शरीर कुशीवर वळवून तोंड बाजूला फिरवावे. एक डोळा पाण्यातच राहावा. तोल गेल्यास पाय कात्रीसारखे फाकतात. जॉन ट्रजेन यांनी १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये दाखविलेल्या पद्धतीत पाय कात्रीसारखेच चालत; क्रॉलमध्ये मात्र ते कमरेपासून, लहान आघातांनी हलवावयाचे असतात.