भेट मिळालेली जास्वंद अंगणात लावताना

हल्ली गटाच्या कार्यक्रमात सत्काराला हारतुऱ्याऐवजी रोप देतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही वाण म्हणून कुंडीतलं रोप मिळतं. पद्धत चांगलीच आहे. पण कळ्यांनी भरलेली जास्वंद घरी आणली, त्याच दिवशी अंगणात लावली आणि आठवड्यात कळ्या गळून पानं पिवळी पडली, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "हिच्या हाताला गुण नाही." हाताचा काही दोष नसतो. रोपाची जागा एकदम बदललेली असते.

रोपवाटिकेत ते हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेलं असतं. आपल्या अंगणातलं दुपारचं ऊन त्याला ठाऊकच नाही. म्हणून आठ-दहा दिवस कुंडीतच राहू द्या. आधी ओसरीवर, मग सकाळच्या उन्हात, मग हळूहळू दिवसभर. तेवढ्यात पानांच्या बेचक्यात आणि शेंड्याला कापसासारखं पांढरं दिसतं का, तेही बघा. तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढा आणि 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. नाहीतर तो बाकीच्या झाडांवरही जातो.

वाण मिळतं जानेवारीत, पुढे उन्हाळा. ज्यांच्या गावात टँकर येतो त्यांनी घाई करू नये. कुंडी सावलीत सरकवता येते, जमिनीतलं रोप सरकवता येत नाही. जूनमध्ये दोन चांगले पाऊस होऊन जमीन निवली की लावा.

जागा उन्हाची, भिंतीपासून चार फूट लांब, पागोळीचं पाणी पडणार नाही अशी. खड्डा दीड फुटाचा, त्यात कुजलेलं शेणखत. ताजं शेण नको. काळ्या जमिनीत पाणी साचतं, तिथे रोप थोडं उंचवट्यावर घ्या.

आता खरी गोम. मुळांभोवती लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो एकदा वाळला की विटेसारखा होतो. आपण आळं भरून पाणी घालतो, बाजूची माती भिजते आणि मुळं कोरडीच राहतात. म्हणून लावण्याआधी गोळा बादलीतल्या पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. गोल फिरलेली मुळं बोटांनी हलकेच मोकळी करा. शोभेच्या कुंडीत पुष्कळदा आत काळी पिशवी तशीच असते, ती आधी कापून काढा. पिशवीसकट लावलेली रोपं मी पाहिली आहेत! कुंडीत जेवढं खोड मातीत होतं तेवढंच मातीत ठेवा आणि संध्याकाळी लावा.

त्यानंतर थोड्या कळ्या गळतील, थोडी पानं पिवळी होतील. घाबरून पाण्यावर पाणी ओतू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. महिनाभर युरिया नको. आळ्यात पाचट किंवा वाळलेला पाला पसरा. आणि लावल्याच दिवशी भोवती बोरीच्या काट्या रोवा, कारण जास्वंदीचा पाला शेळीला फार आवडतो आणि शेळी काही दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.