पाणी, पाषाण आणि लेणी

अजिंठा, कार्ले, कान्हेरी येथील लेणी पाहताना पाषाण अक्षय आहे, अशी आपली सहज समजूत होते. ती पूर्णतः खरी नाही. पाषाणातील भेगाही वाढतात. मात्र त्यांची गती इतकी मंद असते की एका आयुष्यात ती बहुधा ध्यानात येत नाही. या वाढीत पाण्याचा वाटा कोणता, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

सहनशक्तीपेक्षा अधिक ताण पडला तरच दगड फुटतो, असे आपण मानतो. नवा पृष्ठभाग निर्माण होण्यास पुरेशी ऊर्जा मिळाली की भेग पुढे सरकते, हे ग्रिफिथ यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. परंतु पाणी असेल तर याहून पुष्कळ कमी ताणातही भेग हळूहळू वाढते. आपली लेणी ज्या बेसाल्टमध्ये कोरली आहेत, त्यातील प्रमुख खनिजे सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या बंधांनी जोडलेली असतात. भेगेच्या टोकाशी हे बंध ताणले जातात. पाण्याचा रेणू तेथे पोहोचला की ताणलेल्या बंधाशी त्याची रासायनिक क्रिया होते व तो बंध तुटतो. पाठोपाठ पुढच्या बंधावर ताण येतो. हवा दमट असेल तर काचेतील भेगेचा वेग वाढतो, हे विडरहॉर्न यांनी १९६७ साली प्रयोगाने दाखविले. खडकांतही हाच प्रकार आढळतो. ताण केवळ दहा टक्क्यांनी वाढला तरी हा वेग दहा पटींहून अधिक वाढू शकतो.

पाणी आणखी दोन प्रकारे हानी करते. भेगेत साचलेल्या पाण्याचा दाब तिच्या दोन्ही बाजू दूर लोटतो. तसेच बेसाल्ट झिजून तयार झालेली काही चिकणमाती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसते. दर पावसाळ्यानंतर हे चक्र पुन्हा फिरते.

लेणी कोरणाऱ्यांना पाण्याचे महत्त्व ज्ञात होते. कान्हेरी येथे डोंगरावरील पाणी पन्हळींतून टाक्यांत नेलेले दिसते. तेथील दानलेखांत अशा टाक्यास ‘पोढी’ म्हटले आहे. पाणी साठविण्याची ही योजना पाण्याला वाटही करून देते.

यावरून जतनाची दिशा स्पष्ट होते. दिसणारी भेग वरवर बुजविणे पुरेसे नाही. पाणी आतच अडकले तर हानी चालूच राहते. ते माथ्यावरच वळविले पाहिजे व जुन्या पन्हळी मोकळ्या ठेवल्या पाहिजेत. छतावरील ओल ही केवळ डाग नसून पुढील तड्याची पूर्वसूचना असू शकते, हे लेण्यांना भेट देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.